शाहिराचा दिवस कुणी लिहिला?

मुंबईत अलीकडे कविता पुन्हा स्टेजवर आली आहे. खार, वांद्रे, अंधेरीच्या छोट्या हॉलमध्ये आणि कॅफेंमध्ये ‘ओपन माइक’ होतात. तरुण मुलं-मुली तिकीट काढून कविता ऐकायला जातात. माइकसमोरचा कवी हातात कागद न धरता, कधी ओरडत तर कधी कुजबुजत, तीन-चार मिनिटांत आपलं म्हणणं मांडतो. लोक चुटक्या वाजवून दाद देतात. या प्रकाराला ‘स्लॅम पोएट्री’ म्हणतात.

आमच्या फुलपाड्यातूनही दोन-तीन पोरं या कार्यक्रमांना जातात. फुलपाडा म्हणजे विरार पूर्वेला, पापडखिंड धरणाच्या बाजूची वस्ती. जुन्या गावठाणाभोवती कोकण, देश, खानदेश, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून आलेल्या लोकांच्या चाळी आणि इमारती इथं उभ्या राहिल्या आहेत. या पोरांपैकी एक जण दिवसभर कुरिअर वाटतो. दुसरा वसईच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर असतो. शनिवारी ड्युटी संपली की ते चर्चगेट लोकल पकडतात, अंधेरीला उतरून स्लो गाडीनं खार गाठतात, कविता म्हणतात आणि शेवटच्या विरार लोकलनं घरी येतात. त्यांचे व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिले आहेत. व्हिडिओत ती तीन मिनिटं असतात. बाकीचा दिवस कुठंच नसतो.

त्यातल्या एकानं मला विचारलं, “चाचा, आपल्याकडं असलं काही पूर्वी होतं का?”

होतं. चांगलं दोन-अडीचशे वर्षांपासून होतं. पण ते कवी कशावर जगायचे, काय खायचे, फडावर असताना घर कोण चालवायचं, असं विचारलं की मराठीचा इतिहास गप्प होतो. आपण शाहिरांची कवनं जपली. त्यांचा दिवस जपला नाही. हा लेख त्या न जपलेल्या दिवसाविषयी आहे.

शिकागोचा बार आणि आपला फड

‘स्लॅम’ची सुरुवात अमेरिकेतल्या शिकागोत झाली. मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगारानं १९८४मध्ये एका लहानशा बारमध्ये काव्यवाचन सुरू केलं. १९८६पासून ते ‘ग्रीन मिल’ नावाच्या जॅझ क्लबमध्ये होऊ लागलं. विद्यापीठातले कवी एकमेकांसाठीच कविता वाचतात, कष्टकरी माणूस तिकडं फिरकत नाही, ही स्मिथची तक्रार होती. म्हणून त्यानं कवितेची चक्क स्पर्धा लावली. प्रेक्षकांतूनच पाच परीक्षक निवडायचे. त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण सोडून बाकीच्या तिघांची बेरीज करायची. कवीला तीन मिनिटं. १९९०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

तिथं कवितेबरोबर कवीचीही नोंद होत गेली. ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’ हा २०१०चा माहितीपट शिकागोतल्या शाळकरी मुलांच्या स्लॅम स्पर्धेवर आहे. स्पर्धा त्यात आहेच. पण कॅमेरा मुलांच्या घरात, शाळेत, तालमीत जातो. कोणत्या घरातून ही कविता आली, हे बघणाऱ्याला कळतं.

आपल्याकडची अशी स्पर्धा म्हणजे कलगी-तुरा. तिची दंतकथा अनेकांना माहीत असेल. तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर हे दोघं कवनांतून एकमेकांशी वाद घालत. एक शिवाला श्रेष्ठ मानायचा, दुसरा शक्तीला. चंदेरीच्या राजानं खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. त्यावरून दोन परंपरा झाल्या. या कथेत इतिहास किती, हा वाद बाजूला ठेवू. एक गोसावी आणि एक फकीर समोरासमोर बसल्याशिवाय आपल्या काव्यस्पर्धेची गोष्ट सुरूच होत नाही, असं इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मानलं. मला ते अधिक महत्त्वाचं वाटतं.

विरार-नालासोपाऱ्यात स्थायिक झालेली रत्नागिरीकडची मंडळी आजही शक्ती-तुऱ्याचे सामने लावतात. एक शाहीर पुराणातला अवघड सवाल टाकतो, समोरचा आपल्या बारीत त्याचं उत्तर बांधतो. रात्र उलटून जाते. जिंकला कोण, ते श्रोते ठरवतात. सकाळी हाच शाहीर डबा घेऊन कामाला जातो. शिकागोच्या बांधकाम कामगाराला हा फड अनोळखी वाटला नसता.

शिकलगार, गवळी, शिंपी

उत्तर पेशवाईतल्या शाहिरांची नावं शाळेच्या पुस्तकात असतात. अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर आणि सगनभाऊ. यांतल्या काहींच्या नावाला त्यांचा धंदा चिकटला आहे. होनाजी गवळी होता. परशराम शिंपी होता. सगनभाऊ मूळ जेजुरीचा मुसलमान शिकलगार. हत्यारांना धार लावणं हे त्याचं पोटाचं काम.

एवढ्या एका शब्दात सगनभाऊचा दिवस संपतो. त्याच्या लावण्या उरल्या, पोवाडे उरले. पेशवाई बुडाल्याचं दुःखही त्याच्या रचनेत आहे. आता जरा त्याच्या दुकानात उभं राहून पाहा. १८१८मध्ये पेशवाई गेली. सरदारांच्या फौजा मोडल्या. तलवारीला धार लावणाऱ्याचं गिऱ्हाईक एका हंगामात आटलं असणार. मग तो विळे-कात्र्यांकडं वळला की फडावरच जास्त विसंबू लागला? राज्य गेल्याचं त्याचं दुःख पोटातून किती आलं होतं आणि निष्ठेतून किती? कवनं छापणाऱ्यांनी हे प्रश्न विचारले असते तर पेशवाईच्या पडझडीचा वेगळाच इतिहास हाती आला असता. राज्य बुडतं तेव्हा कारागिराच्या घरात काय होतं, याचा तो इतिहास.

अनंत फंदीचंही तसंच. संगमनेरच्या या कवीचं आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची दोस्ती होती आणि त्यावरून लोक त्याला फंदी म्हणू लागले, असं सांगितलं जातं. म्हणजे आज आपण ज्या नावानं त्याला ओळखतो ते एका फकिराकडून आलेलं. या दोस्तीत रोज काय घडत होतं? कुठल्या ओट्यावर ते बसत, काय गात, कुणाच्या घरचं खात? आपल्यापर्यंत पोचलं ते फक्त नाव. दुसरी पोचली ती आख्यायिका, अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून फंदीनं तमाशा सोडून कीर्तन धरल्याची. होनाजीचं आयुष्य तर बहुतेकांना व्ही. शांताराम यांच्या १९५१च्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटावरूनच ठाऊक आहे. दिवसाची नोंद नसली की जागा रिकामी राहत नाही. तिथं आख्यायिका आणि सिनेमा येऊन बसतात.

पोवाड्यांचा पहिला मोठा छापील संग्रह १८९१चा. हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी तो केला. ॲक्वर्थ हा इंग्रज सनदी अधिकारी मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला त्याचंच नाव आहे. पुढं १८९४मध्ये त्यानं काही पोवाडे इंग्रजीतही नेले. त्यानंतर य. न. केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ संपादित करून १९२८पासून प्रसिद्ध केले. या माणसांचे उपकार मोठे आहेत. ती मेहनत झाली नसती तर गोंधळ्यांच्या तोंडी असलेलं बरंच काही त्यांच्याबरोबरच गेलं असतं. पण त्यांना हवा होता तो शिवाजी महाराजांचा आणि पेशव्यांचा इतिहास. पोवाडा हे त्या इतिहासाचं साधन. गाणारा माणूस म्हणजे ते साधन जपणारं भांडं. भांड्याला कुणी विचारत नाही की आज जेवलास का.

“मुस्लिम असूनही”

विसाव्या शतकात शाहीर गिरणगावात आला. १९४४मध्ये ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर हे त्याचे तीन खांब. कामगारांच्या सभा, संप, पुढं संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन, गोवा मुक्तीचा लढा, सगळीकडं हा आवाज होता. पहाडी आवाज म्हटलं की जुनी माणसं आजही अमर शेखांचंच नाव घेतात.

अमर शेख म्हणजे मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. आईचं नाव मुनेरबी. लोकगीतांचा कान त्यांना आईकडून मिळाला. पोटासाठी त्यांनी बसवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत काम केलं. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. २९ ऑगस्ट १९६९ला इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. त्याच्या सहा आठवडे आधी, १८ जुलैला, अण्णा भाऊ गेले होते. एकाच पावसाळ्यात महाराष्ट्रानं दोन्ही आवाज गमावले.

आज अमर शेखांच्या नावानं मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे. जयंतीला लेख येतात. त्यातल्या अनेक लेखांत एक वाक्य हटकून असतं, “मुस्लिम असूनही त्यांनी मराठीची सेवा केली.” लिहिणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण ‘असूनही’ हा शब्द खटकतो. त्यात असं गृहीत धरलेलं आहे की मराठी ही दुसऱ्या कुणाच्या घरची आणि बार्शीच्या पटेलांचा मुलगा तिच्या सेवेला बाहेरून आला.

हा गैरसमज भाषणांनी जात नाही. तो जातो रोजच्या आयुष्याच्या तपशिलांनी. मुनेरबी घरात कामं करता करता कोणती गाणी म्हणायच्या? बार्शीच्या बाजारात भाव कोणत्या भाषेत ठरायचा? बसचा क्लीनर प्रवाशांना हाका मारायचा त्या कोणत्या बोलीत? माझ्यासारख्या मराठवाडा, सोलापूर, कोकणात नाळ असलेल्या कुटुंबांना उत्तर सांगावं लागत नाही. घरात दखनी, अंगणात मराठी, मशिदीत अरबीची दुआ, पेठेत पुन्हा मराठी. आमच्या आज्या-नान्या अशाच बोलल्या. अमर शेख या दिवसातून आले. तो दिवस तपशिलानं लिहिला गेला असता तर ‘असूनही’ लिहिण्याची वेळ कुणावर आली नसती.

१९९०मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. आम्हीही या भाषेत जगतो, हे तिथं जाहीरपणे मांडलं गेलं. खरं तर सगनभाऊच्या दुकानापासूनच ते दिसायला हवं होतं.

घरातल्या बाईनं लिहिलेलं

मग शाहिराचा दिवस कुणीच लिहिला नाही का? लिहिला. बहुतेक वेळा तो घरातल्या बाईनं लिहिला.

मलिका अमर शेख या अमर शेख आणि कुसुमताईंची मुलगी, स्वतः कवयित्री. त्यांचं लग्न नामदेव ढसाळांशी झालं. म्हणजे एका घरात शाहीर बाप, दुसऱ्या घरात ‘गोलपिठा’चा कवी. १९८४मध्ये त्यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन आलं आणि खळबळ उडाली. व्यासपीठावर क्रांती बोलणाऱ्या घरात पैसा कसा येतो आणि कसा जातो, आजारपण कोण काढतं, दारू आणि मारहाण कोण सोसतं, हे त्यांनी नाव घेऊन लिहिलं. अनेकांना ते आवडलं नाही. महापुरुषाच्या घरातलं बाहेर का काढायचं, असा तो राग. पण साहित्याचा इतिहास लिहायला उद्या कुणी बसेल तेव्हा ‘गोलपिठा’शेजारी हे पुस्तक ठेवावंच लागेल. कवितेची किंमत कुणी मोजली, त्याचा हिशेब तिथं आहे.

नारायण सुर्वेंच्या बाबतीत हे काम कृष्णाबाई सुर्वेंनी केलं. सुर्वे आधी म्युनिसिपल शाळेत शिपाई होते, नंतर त्याच व्यवस्थेत शिक्षक झाले. १९६२मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं आणि १९६६मध्ये ‘माझे विद्यापीठ’. त्यामागं डोक्यावर धड छप्पर नसताना सुरू झालेला एक संसार होता. कृष्णाबाईंच्या आत्मकथनाचं नाव ‘मास्तरांची सावली’. सावलीनंच माणसाचा दिवस लिहावा, ही आपल्याकडची रीत दिसते.

काहींनी स्वतःच सांगून ठेवलं. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत मजुरी करत असताना कुणीतरी त्यांच्याकडं पत्र वाचून घ्यायला आलं आणि त्यांना वाचता येत नव्हतं. ते अपमानानं रडले. मग देहलवी नावाच्या गुरुजींकडून अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला लागले. पुढं त्यांनी हजारो गाणी लिहिली. ही एक आठवण त्यांच्या गाण्यांकडं बघण्याची आपली नजर बदलते. शिक्षणावरचं त्यांचं गाणं त्या न वाचलेल्या पत्रातून येतं, हे कळतं.

चौदा वर्षांचा कॅमेरा

११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले होते. दहा माणसं मेली. काही दिवसांतच विलास घोगरे या शाहिरानं आपल्या झोपडीत जीवन संपवलं. आनंद पटवर्धनांनी आधी ‘हमारा शहर’ या माहितीपटात घोगरेंचं गाणं चित्रित केलं होतं. या मृत्यूनंतर त्यांनी कॅमेरा उचलला तो चौदा वर्षं खाली ठेवला नाही. ‘जय भीम कॉम्रेड’ २०११मध्ये पूर्ण झाला.

सव्वातीन तासांच्या आसपासच्या या माहितीपटात गाणी भरपूर आहेत. त्याबरोबर घोगरेंचं घर आहे, त्यांची माणसं आहेत, वस्तीतल्या गायकांची रोजची कामं आहेत. शाहिरीची नोंद अशीही करता येते. पण ती एका मृत्यूनंतर सुरू झाली, हे विसरता येत नाही. माणूस जिवंत असताना आपण त्याचं गाणं ऐकतो आणि तो गेल्यावर त्याचं घर बघायला जातो.

ओवीशेजारी सहा ओळी

यावर उपाय अवघड नाही. त्याचा नमुना महाराष्ट्रातच तयार आहे. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून खेड्यापाड्यांतल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आज त्या ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’वर येतात. तिथं प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, वय, मुलं किती, काम काय, ध्वनिमुद्रण कधी झालं, अशी नोंद असते. पाच-सहा ओळी. पण त्या ओळींमुळं ओवी हवेत तरंगत राहत नाही. ती कुणाच्या तरी हातातल्या दांड्यावर येते. ॲक्वर्थच्या संग्रहात हेच नव्हतं.

शक्ती-तुऱ्याच्या शाहिरांची, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर काम करून मुशायऱ्यात शेर म्हणणाऱ्यांची, आंबेडकरी जलशातल्या गायकांची आणि आजच्या स्लॅमवाल्या पोरापोरींची नोंद याच पद्धतीनं व्हायला हवी. त्यासाठी विद्यापीठाची वाट बघायची गरज नाही. ज्याच्याकडं फोन आहे, त्याच्याकडं ध्वनिमुद्रक आहे. प्रश्न साधे ठेवावेत. कामावर किती वाजता जातोस? पगार किती? कविता कुठं सुचते, गाडीत की मशीनवर? मालकाला माहीत आहे का? बिदागी मिळते का, मिळाली तर ती घरात कुणाच्या हातात जाते? परत यायला उशीर होतो तेव्हा दार कोण उघडतं? मुलगी असेल तर तिला एक प्रश्न जास्त विचारावा लागेल. रात्रीच्या कार्यक्रमाला निघताना घरी काय सांगून निघतेस?

या उत्तरांतून शंभर वर्षांनी कुणाला तरी कळेल की २०२०च्या आसपास विरारहून मुंबईला जाऊन कविता म्हणणं म्हणजे काय होतं. भाडं किती होतं, गर्दी किती होती, कोणत्या आडनावाला घर भाड्यानं मिळत नव्हतं आणि तरी तो माणूस कोणत्या भाषेत लिहीत होता.

जुन्या शाहिरांच्या घरी अजून काही ऐवज आहे. कार्यक्रमांची हँडबिलं, दौऱ्यांच्या डायऱ्या, फडात सोबत असलेल्यांची नावं, बिदागीचा जमाखर्च. लोखंडी पेटीत तळाशी ठेवलेली ती वही बघितली की घरातल्या नव्या पिढीला वाटतं, आता याचं काय करायचं. कवनांच्या वह्या कुणीतरी मागून नेतं. जमाखर्चाची वही कुणी मागत नाही. घर बदलताना, पत्रे काढून स्लॅब टाकताना ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाते.

तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात असा कुणी गाणारा असेल तर त्याच्या घरी जा. गाणं ऐकाच. पण उठण्याआधी ती वही मागा.